परदेशी खात्यात गेलेले पैसे आणि कोल्हापूरची फिर्याद: तपास सीमेपलीकडे जातो कसा?

लाईनबझार

शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलची पंचतारांकित वसाहत, तिकडे इचलकरंजी. परदेशाशी थेट व्यवहार करणारे कारखाने आता जिल्ह्यात ठायी ठायी आहेत आणि त्यांना गाठणारे ठगही वाढलेत. फसवणूक झाली की दोन समजुती हमखास ऐकू येतात. एक, 'इंटरपोलला कळवलं की काम झालं'. दुसरी, 'पैसे देशाबाहेर गेले म्हणजे बुडाले, आता फिर्याद देऊन काय उपयोग'. दोन्ही चूक आहेत, पण दुसरी फार महागात पडते, कारण पैसे थांबवता येण्याजोगा वेळ तिच्यापायीच वाया जातो. म्हणून हा धागा. ज्यांना यातलं जे नेमकं माहीत आहे ते त्यांनी लिहावं, म्हणजे एका जागी राहील.

परदेशातून मदत येते ती दोन वेगळ्या वाटांनी. पहिली वाट पोलिसांकडून पोलिसांकडे. त्यातून माग लागतो, खातं थांबवलं जातं, सर्व्हरवरच्या नोंदी जपून ठेवल्या जातात. दुसरी वाट न्यायालय आणि गृह मंत्रालयाची. तिच्यातून मिळतो तो कोर्टात टिकणारा पुरावा. पहिली तासांत किंवा दिवसांत चालते, दुसरीला महिने लागतात, कधी वर्षंही. पहिल्या वाटेनं आलेली माहिती थेट दोषारोपपत्राला जोडता येत नाही आणि दुसऱ्या वाटेनं पळणारे पैसे धरता येत नाहीत. दोन्ही पहिल्या दिवसापासून समांतर चालवाव्या लागतात. बहुतेक प्रकरणं फसतात ती एक संपल्यावर दुसरी सुरू करायची, अशा समजुतीनं.

आता अधिकाराचा प्रश्न. आरोपी परदेशात असला तरी गुन्हा कोल्हापुरात नोंदवता येतो. भारताबाहेर बसून भारतातल्या संगणकाला लक्ष्य केलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम १(५) लागू होतं, आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ७५ तर २००० सालापासूनच आहे. त्या कायद्याखालचा तपास निरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानं करायचा असतो (कलम ७८). हद्दीचं कारण सांगून कोणी परत पाठवलं तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा) कलम १७३ कडे बोट दाखवा, हद्द कुठलीही असो, दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यावी लागते. ऑनलाइन दिली असेल तर तीन दिवसांत सही करायला जावं लागतं. हे तीन दिवस विसरल्यामुळे तक्रारी तशाच पडून राहतात.

ठाण्यातून विनंती पुढे जाते ती राज्याच्या इंटरपोल संपर्क अधिकाऱ्याकडे, तिथून दिल्लीत सीबीआयकडे. इंटरपोलसाठी भारताचा राष्ट्रीय केंद्रीय विभाग म्हणजे सीबीआयच. तिथून त्या देशाच्या तशाच विभागाकडे. पूर्वी हा प्रवास पत्रं, फॅक्स आणि ईमेलवर व्हायचा. ७ जानेवारी २०२५ ला भारतपोल पोर्टल सुरू झालं, तेव्हापासून राज्य पोलीस आपली विनंती त्यावर टाकतात आणि ती कुठे पोचली हे पाहू शकतात.

शिरोली_फौंड्री

चांगला विषय. कारखानदारांच्या बाजूनं सांगतो, फसवणूक होते कशी ते. जर्मनीतून किंवा तैवानमधून यंत्र मागवलेलं असतं, ३० टक्के आगाऊ भरायचे असतात. प्रोफॉर्मा इन्व्हॉइस (मालाआधीचं कच्चं बिल) आलेला असतो आणि मग एक ईमेल येतो, 'आमच्या खात्याचं ऑडिट चालू आहे, कृपया या नव्या खात्यात भरा'. मागची सगळी पत्रं त्या ईमेलच्या खाली जशीच्या तशी असतात, कारण दोघांपैकी एकाची मेलबॉक्स आधीच फुटलेली असते. पत्त्यात फरक एखाद्या अक्षराचा. इंग्रजी 'एम'च्या जागी 'आर' आणि 'एन' चिकटवून लिहिलेले असतात, ते मोबाईलच्या पडद्यावर दिसतच नाही.

ओळखायची खूण खाते क्रमांकात असते. युरोपातल्या आयबॅनची, म्हणजे आंतरराष्ट्रीय खाते क्रमांकाची, पहिली दोन अक्षरं देशाची. पुरवठादार जर्मनीचा, म्हणजे सुरुवात 'डीई'नं हवी. नवीन खातं 'पीएल' किंवा 'पीटी'नं सुरू होत असेल तर ते पोलंड नाहीतर पोर्तुगालचं आहे. थांबा आणि जुन्या व्हिजिटिंग कार्डावरच्या नंबरला फोन करा. त्या ईमेलमधल्या नंबरला नाही.

आणि एक. नाव बरोबर लिहिलं म्हणून पैसे सुरक्षित, असं नाही. परदेशी बँका बहुतेक वेळा खाते क्रमांक बघून पैसे जमा करतात, नाव जुळतंय का हे बघतीलच असं नाही.

परकीय_चलन_शाखा

फौंड्रीवाल्या दादांनी खूण बरोबर सांगितली. पैसे गेल्यावर बँकेत काय करायचं ते मी लिहिते, कारण इथे पहिले काही तास फुकट जातात.

ग्राहक येतो आणि म्हणतो, 'पेमेंट कॅन्सल करा'. तेवढं पुरत नाही. बँकेकडून आधी यूईटीआर मागून घ्या. हा त्या एका व्यवहाराचा जगभरातला ओळख क्रमांक, मधल्या आडव्या रेघा धरून ३६ चिन्हांचा. तो असला की पैसे आत्ता कुठल्या बँकेत आहेत, मधल्या बँकेतच आहेत की शेवटच्या खात्यात जमा झाले, हे स्विफ्टवर, म्हणजे बँकांच्या जगभरातल्या संदेशजाळ्यावर, दिसतं. मधल्या बँकेत असतील तर परत येण्याची शक्यता खूप जास्त.

मग बँकेनं व्यवहार रद्द करण्याचा संदेश पाठवायचा. पूर्वी एमटी १९२ जायचा, आता सीमेपलीकडच्या पेमेंटसाठी कॅमट.०५६ जातो. त्या संदेशात कारणाच्या जागी 'फसवणूक' असंच आलं पाहिजे. 'ग्राहकाची विनंती' असं कारण घातलं की समोरची बँक त्याला साधी चूक समजते आणि आपल्या खातेदाराला विचारत बसते, 'पैसे परत करू का?' खातेदार तर ठगच! तो सावध होतो आणि उरलेले काढून घेतो. असं प्रत्यक्ष होतं, म्हणून शाखेत उभं राहून कारणाचा रकाना वाचून घ्या.

त्याच दिवशी समोरच्या बँकेच्या फसवणूक विभागाला स्वतंत्र संदेश, सोबत १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनचा पोचपावती क्रमांक किंवा एफआयआरची प्रत. बहुतेक देशांत खातेदाराच्या संमतीशिवाय किंवा तिथल्या अधिकृत आदेशाशिवाय बँक पैसे परत करू शकत नाही, फक्त तात्पुरते अडवू शकते. म्हणजे बँकेचा संदेश पैसे अडवतो आणि पोलिसांचं पत्र ते अडकवून ठेवतं. एकच झालं आणि दुसरं राहिलं तर काही दिवसांत अडवणूक उठते. नंतर परत देताना समोरची बँक हमीपत्र मागते, त्याला उगाच उशीर करू नका.

वेळेचं भान ठेवा. हाँगकाँग आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. शुक्रवारी दुपारी चारला कोल्हापुरात लक्षात आलं तर तिथे साडेसहा वाजलेले असतात. सोमवारपर्यंत कोणी बघणार नाही असं गृहीत धरून आपण थांबलो की संपलं. फसवणूक विभाग आणि पोलिसांची मदतकेंद्रं सुट्टीतही संदेश घेतात.

महाद्वार_रोड

परकीय चलन ताई, एक शंका. १९३० वर फोन करून परदेशातलं खातं थांबतं का? लोक तर म्हणतात १९३० म्हणजे सगळ्यावर औषध.

लाईनबझार

नाही. १९३० आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलमागची यंत्रणा भारतातल्या बँका, वॉलेट आणि पेमेंट कंपन्यांना जोडलेली आहे. म्हणजे पैसे आधी इथल्या भाड्याच्या खात्यात गेले असतील, आणि ऑनलाइन गुंतवणूक किंवा 'डिजिटल अटक' प्रकारात ते तसेच जातात, तर १९३० चा उपयोग सर्वांत मोठा. पहिल्या खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून पाच-सात खात्यांत, अशा थरांमागे ती यंत्रणा धावते आणि जिथे शिल्लक सापडेल तिथे होल्ड लावते. थेट स्विफ्टनं परदेशी गेलेल्या पैशाला ती पुरत नाही. तरी तक्रार तिथे करायचीच, कारण तो क्रमांक बँकेच्या आणि पोलिसांच्या प्रत्येक पत्रात लागतो.

परदेशी खात्यासाठी इंटरपोलची आय-ग्रिप नावाची सोय आहे, २०२२ पासून. ज्या देशातून पैसे गेले तिथला राष्ट्रीय विभाग, ज्या देशात गेले तिथल्या विभागाला इंटरपोलच्या सुरक्षित जाळ्यावरून पेमेंट थांबवण्याची विनंती पाठवतो. हिचं गाजलेलं उदाहरण सिंगापूरचं. जुलै २०२४ मध्ये तिथल्या एका कंपनीनं बनावट ईमेलला फसून पूर्व तिमोरमधल्या खात्यात ४ कोटी २३ लाख डॉलर पाठवले. पत्ता खऱ्या पुरवठादाराच्या पत्त्यासारखाच, किंचित वेगळा. फसवणूक कळायला चार दिवस गेले होते. तरी २३ जुलैला तक्रार झाली आणि दोन दिवसांत ३ कोटी ९० लाख डॉलर त्या खात्यात अडवले गेले. नंतर आणखी काही मिळाले, सात जणांना अटकही झाली. चार दिवस उलटल्यावर. म्हणून 'उशीर झाला' असं स्वतःच ठरवून घरी बसू नका.

पैसे अमेरिकी बँकेत गेले असतील तर एफबीआयच्या आयसी३ या पोर्टलवर कोल्हापुरातूनही तक्रार करता येते. फसलेला किंवा फसवणारा, दोघांपैकी एक अमेरिकेत असला की ते तक्रार घेतात. तिथल्या पद्धतीत ७२ तासांना मोठं महत्त्व आहे. हाँगकाँग पोलिसांचं फसवणूकविरोधी समन्वय केंद्र २०१७ पासून आहे, सिंगापूरचं २०१९ पासून. इथल्या एफआयआरची इंग्रजी प्रत तयार ठेवा. मराठी प्रत जशीच्या तशी पाठवून उत्तराची वाट बघण्यात अर्थ नाही.

ताराराणी_चौक

म्हणजे इंटरपोल स्वतः जाऊन कोणाला पकडत नाही? रेड कॉर्नर नोटीस निघाली की जगात कुठेही अटक, असं आम्ही समजत होतो की.

लाईनबझार

इंटरपोलकडे अटक करणारे शिपाई नाहीतच. फ्रान्समधल्या ल्योंला मुख्यालय, १९६ सदस्य देश आणि त्यांना जोडणारं संदेशांचं जाळं. रेड नोटीस म्हणजे 'हा माणूस आम्हाला हवा आहे, शोधा आणि प्रत्यार्पण होईपर्यंत तात्पुरतं धरून ठेवा' अशी विनंती. तिच्यावर अटक करायची की नाही हे ज्या त्या देशाचा कायदा ठरवतो. ती मागण्याआधी इथल्या न्यायालयाचं अटक वॉरंट हातात लागतं. प्रत्यार्पण पुन्हा वेगळं, ते परराष्ट्र मंत्रालयाकडून.

सायबर गुन्ह्यात सुरुवातीला उपयोगी पडते ती निळी नोटीस. माणूस कोण, कुठे आहे, त्याच्याबद्दल काय माहिती आहे, एवढंच ती विचारते. नाव पक्कं झालं नसताना लाल नोटिशीच्या मागे लागून महिने घालवलेले दिसतात. जानेवारी २०२५ पासून प्रायोगिक तत्त्वावर चंदेरी नोटीसही आली आहे, गुन्ह्यातून कमावलेली मालमत्ता शोधण्यासाठी.

लॉगफाईल

आता तांत्रिक बाजू. परदेशी कंपनीकडून आयपी पत्ता येतो आणि तपास तिथेच अडतो, असं वारंवार होतं. दोष कंपनीचा नसतो, मागणीचा असतो.

पहिली चूक वेळेची. परदेशी कंपन्या वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, देतात. भारतीय वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे. यूटीसी २०:४५ म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशीचे पहाटेचे सव्वादोन. तारीखच बदलते. ती न बदलता दूरसंचार कंपनीला पत्र गेलं की भलत्याच माणसाचं नाव येतं आणि मग एखाद्या निरपराध पोराला ठाण्यात बोलावलं जातं.

दुसरी चूक पोर्टची. मोबाईल इंटरनेटवर एकच सार्वजनिक आयपी एकाच क्षणी शेकडो ग्राहकांत वाटलेला असतो. नुसता आयपी आणि वेळ दिली तर कंपनी शेकडो नावांची यादी पाठवते, नाहीतर 'सापडत नाही' म्हणते. सोर्स पोर्ट, म्हणजे त्या जोडणीचा ग्राहकाच्या बाजूचा क्रमांक, हवाच. तो परदेशी कंपनीकडे मागताना पहिल्याच पत्रात मागायचा. सहा महिन्यांनी आठवण झाली तर नोंद उरलेली नसते. आपल्याकडे सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशानुसार लॉग १८० दिवस ठेवायचे आहेत. म्हणजे परदेशातलं उत्तर सातव्या महिन्यात आलं तर इकडची बाजू पुसली गेलेली असू शकते. म्हणून संशयित आयपी मिळाला की त्याच दिवशी इथल्या कंपनीलाही 'नोंदी जपून ठेवा' असं पत्र जायला हवं.

फिर्याददारांसाठी: तो ईमेल फॉरवर्ड करू नका, स्क्रीनशॉटवरही थांबू नका. फॉरवर्ड केला की मूळ हेडर जातं आणि कुठल्या सर्व्हरवरून आला ते त्यातच असतं. ईमेल प्रोग्राममधून 'मूळ संदेश' उघडून ईएमएल फाईल म्हणून उतरवून घ्या. तिचा शा-२५६ हॅश (फाईल बदलली की बदलणारा तिचा ठसा) काढा, ६४ अक्षरांचा येतो, तो कागदावर लिहून ठेवा. आणि मेलबॉक्समध्ये परस्पर फॉरवर्डचा नियम कोणी घालून ठेवलाय का ते बघा, पण काढून टाकण्याआधी त्याचा फोटो घ्या. घाईघाईनं सगळं साफ करणारा संगणकवाला पुरावाही साफ करतो.

सर्किट_बेंच

लॉगफाईल यांच्या मुद्द्याला कायद्याची जोड देतो. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबतचं, साक्ष अधिनियमाच्या कलम ६३(४) खालचं प्रमाणपत्र आता दोन भागांत द्यावं लागतं. भाग 'अ' ज्याच्या ताब्यात ते यंत्र आहे त्याचा, भाग 'ब' तज्ज्ञाचा, आणि हॅश लिहायची जागा त्याच नमुन्यात आहे.

परदेशातून पुरावा मागवण्याची वाट नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ११२ मध्ये आहे. जुन्या संहितेतलं १६६-अ ते हेच. तपास अधिकारी मसुदा करतो, अभियोग विभागाचं मत घेतो, गृह मंत्रालयाच्या अंतर्गत सुरक्षा-२ विभागाची सहमती मिळवतो, मग फौजदारी न्यायालय विनंतीपत्र काढतं. ज्या देशाशी परस्पर कायदेशीर साहाय्याचा करार आहे तिथे मंत्रालयच केंद्रीय प्राधिकरण म्हणून विनंती पाठवतं. अमेरिकेशी असा करार २००५ पासून लागू आहे.

विनंत्या परत येतात त्याची कारणं ठरलेली आहेत. 'खात्याची सर्व माहिती द्यावी' असं मोघम लिहिलेलं असतं. कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, कोणत्या नोंदी, आणि त्या नोंदीचा या गुन्ह्याशी संबंध काय, हे परिच्छेदागणिक लिहावं लागतं. अमेरिकेत ईमेलमधला मजकूर हवा असेल तर तिथल्या न्यायालयाचं वॉरंट लागतं, म्हणजे त्या खात्यात गुन्ह्याचा पुरावा आहे असं मानायला सबळ कारण आपल्या कागदातूनच दिसलं पाहिजे. 'संशय आहे' एवढ्यावर तिथला न्यायाधीश सही करत नाही. दुसरं कारण, आपलं कलम नुसतं क्रमांकानं लिहिणं. न्याय संहितेचं ३१८(४), आपलं फसवणुकीचं कलम, म्हणजे काय हे तिकडच्या वकिलाला कसं कळणार? कलमाचा पूर्ण मजकूर आणि शिक्षा जोडायची. तिसरं, भाषांतर. जपानला पाठवायचं तर जपानीत, आणि तेही प्रमाणित.

ताराराणी_चौक

सर, पण याला वर्ष-दोन वर्षं लागणार असतील तर तोवर ती ईमेल खाती राहतात का जाग्यावर? मला तरी हा सगळा कागदी खटाटोप वाटतोय.

सर्किट_बेंच

वेळ लागतो हे खरं आणि ते बदललं पाहिजे. पण नोंदी जाग्यावर ठेवण्याची सोय आहे आणि ती न वापरणं हीच मोठी चूक. अमेरिकी कायद्यात जतनाची तरतूद ९० दिवसांची आहे, ती आणखी ९० दिवस वाढवता येते. मोठ्या ईमेल आणि समाजमाध्यम कंपन्यांची पोलिसांसाठी वेगळी पोर्टलं आहेत, तिथे परदेशी पोलिसांचीही जतनाची विनंती घेतली जाते. जतन क्रमांक मिळाला की तो पुढच्या औपचारिक विनंतीत घालायचा. मुदत संपायच्या आधी वाढवून घ्यायची तारीख केस डायरीत लिहून ठेवायला हवी. ९१ व्या दिवशी आठवण होऊन उपयोग नाही.

शिवाय सगळ्यासाठी करार लागत नाही. खातं उघडताना दिलेला नंबर, पर्यायी ईमेल, लॉगिनचे आयपी असा मजकुराव्यतिरिक्तचा तपशील कंपन्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ च्या सूचनेवर अनेकदा थेट देतात. तपासाला आधी लागतं तेच ते असतं. जिवाला धोका असेल तर काही तासांत माहिती देण्याचीही सोय आहे. पैशाच्या फसवणुकीला ती लागू होत नाही, उगाच तो रकाना भरू नये.

लाईनबझार

जतनासाठी पोलिसांपुढे आणखी एक वाट आहे. जी-७ देशांनी सुरू केलेलं चोवीस तासांचं संपर्कजाळं, भारताकडून त्यात सीबीआय आहे. बुडापेस्ट करारातही असंच जाळं आहे, पण २००१ च्या त्या करारात भारत सामील नाही. करार घडताना आपल्याला विचारलं गेलं नव्हतं आणि दुसऱ्या देशातल्या संगणकावरची माहिती परस्पर घेण्याबाबतच्या कलम ३२ ला आपला आक्षेप राहिला. संयुक्त राष्ट्रांचा सायबर गुन्हेविरोधी करार २४ डिसेंबर २०२४ ला आमसभेनं स्वीकारला, ऑक्टोबर २०२५ मध्ये हनोईत सह्यांसाठी खुला झाला. ४० देशांनी अनुसमर्थन दिल्यावर ९० दिवसांनी तो लागू होईल. त्याच्या भरवशावर आजची फिर्याद थांबवण्यात हशील नाही.

गांधीनगर_होलसेल

क्रिप्टोचं कोणी बोलेना. गुंतवणुकीच्या ॲपमध्ये लोकांनी यूएसडीटी (डॉलरशी बांधलेलं क्रिप्टो नाणं) भरलेलं असतं, ते कसं धरायचं?

लॉगफाईल

धरता येतं, उलट बँकेपेक्षा माग स्पष्ट असतो. हवं काय: ज्या पत्त्यावर पाठवलं तो वॉलेट पत्ता आणि व्यवहाराचा हॅश (त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक). ट्रॉन या क्रिप्टो जाळ्यावरचा पत्ता इंग्रजी 'टी'नं सुरू होतो, ३४ अक्षरांचा असतो. हे हातानं लिहू नका, कॉपी करून ठेवा. लहान-मोठ्या अक्षरात फरक पडतो आणि एक अक्षर चुकलं की पत्ता निकामी. स्क्रीनशॉटवर बहुधा मधली अक्षरं झाकून टिंबं येतात, तो काही कामाचा नाही.

पुढे ते नाणं कुठल्या एक्स्चेंजच्या (क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या कंपनीच्या) वॉलेटमध्ये शिरलं ते ब्लॉकचेनच्या उघड साखळीवर दिसतं. एक्स्चेंजकडे केवायसी असतं, पोलिसांची विनंती तिथे जाते. भारतात सेवा देणाऱ्या एक्स्चेंजना मार्च २०२३ पासून मनी लाँडरिंग कायदा लागू आहे. यूएसडीटी काढणारी कंपनी एखादा पत्ता गोठवू शकते आणि पोलिसांच्या विनंतीवर तिनं तसं केलेलंही आहे. त्यासाठी पैसे त्या पत्त्यावर अजून असायला हवेत. म्हणून पुन्हा तेच, पहिला दिवस.

'तुमचं क्रिप्टो परत मिळवून देतो' म्हणून जे फोन येतात ते त्याच टोळीचे किंवा तसल्याच दुसऱ्या टोळीचे असतात. पोलीस किंवा इंटरपोल परतावा देण्यासाठी शुल्क घेत नाहीत.

महाद्वार_रोड

या सगळ्यात कोल्हापूर म्हणजे फक्त फसणाऱ्यांचं गाव, असं धरून चाललोय आपण. ते पूर्ण खरं नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर हल्ला झाला. बनावट स्विच (एटीएमच्या मागण्या बँकेकडे नेणारी यंत्रणा) मध्ये घालून एटीएमच्या मागण्या परस्पर मंजूर केल्या गेल्या आणि ११ ऑगस्टला, शनिवारी, २८ देशांतून सुमारे ७८ कोटी काढले गेले. भारतातून अडीच कोटी, आणि त्यात कोल्हापूरची एटीएमही होती. १३ तारखेला स्विफ्टनं सुमारे १४ कोटी हाँगकाँगच्या खात्यात गेले, एकूण ९४ कोटींच्या वर. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयानं ११ जणांना दोषी ठरवलं. हे इथले कार्ड वापरणारे आणि त्यांचे साथीदार. तिकडे अमेरिकेत याच जातीच्या चोऱ्यांचे पैसे फिरवणाऱ्या एका कॅनेडियन-अमेरिकन माणसाला २०२१ मध्ये ११ वर्षं ८ महिन्यांची शिक्षा झाली. त्याच्या गुन्ह्यांत २०१८ ची भारतीय बँकेतली चोरीही होती. एकाच चोरीची दोन टोकं दोन खंडांतल्या कोर्टांत.

लाईनबझार

हे फार महत्त्वाचं लिहिलंत. परदेशी टोळीला इथला हात लागतोच. आज तो हात म्हणजे भाड्यानं दिलेलं बँक खातं. पासबुक, एटीएम कार्ड, नेट बँकिंग आणि सिम असा 'किट' पाच-दहा हजारांत कुणाच्या हाती देणारा पोरगा समजतो, आपण काय चोरी केली? एफआयआरमध्ये पहिलं नाव त्याचं येतं, कारण पत्ता फक्त त्याचाच खरा असतो. न्याय संहितेचं संघटित गुन्ह्याचं कलम १११ लागलं तर जामीनही अवघड. गावाकडं, कॉलेजात हे सांगायला हवं.

आणि नोकरीचं. थायलंडमध्ये 'डेटा एंट्री' किंवा 'कस्टमर केअर' म्हणून नेतात, बँकॉकहून गाडीनं माई सोतला आणि मोई नदी ओलांडून म्यानमारच्या म्यावड्डीत. पासपोर्ट काढून घेतात आणि लोकांना फसवायला बसवतात. मार्च २०२५ मध्ये तिथून ५०० हून अधिक भारतीयांना हवाई दलाच्या विमानांनी परत आणलं. पर्यटक व्हिसावर काम करता येत नाही, त्यामुळे 'आधी टुरिस्टवर चला, तिथे बदलून देऊ' हे वाक्य ऐकलं की तिथेच थांबायचं. एजंट नोंदणीकृत आहे का ते ई-मायग्रेट पोर्टलवर दिसतं. घरचं माणूस अडकलं असेल तर त्या देशातला भारतीय दूतावास, परराष्ट्र मंत्रालयाचं मदद पोर्टल आणि इथलं ठाणं, तिन्हीकडे एकदम कळवा. पासपोर्टची प्रत, विमानाचं तिकीट, शेवटचं लोकेशन आणि एजंटच्या खात्यात भरलेल्या पैशांची पावती जोडा. ती पावती असली की इथल्या एजंटवर लगेच गुन्हा उभा राहतो.

गांधीनगर_होलसेल

उलटी अडचणही लिहा राव. दुकानदारानं माल विकला, गिऱ्हाइकानं क्यूआरवर पैसे दिले, ते पैसे कुठल्यातरी फसवणुकीतले निघाले आणि दुकानाचं सगळं खातं बंद. व्यापाऱ्यानं करायचं काय?

सर्किट_बेंच

बँकेकडून लेखी घ्या: कुठल्या राज्याची तक्रार, पोचपावती क्रमांक, वादग्रस्त रक्कम किती. त्या तपास अधिकाऱ्याला बिल, ई-वे बिल, माल दिल्याची पावती आणि त्या दिवसाचा खातेउतारा पाठवून मागणी करायची ती एवढीच, की होल्ड वादग्रस्त रकमेपुरता ठेवावा, उरलेलं खातं मोकळं करावं. उत्तर आलं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली अर्ज. तिथूनही सुटलं नाही तर रिट, आणि त्यासाठी आता मुंबईला जायला नको, ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात बसतं.

शिरोली_फौंड्री

परकीय चलन ताई, शेवटचं एक राहिलं. आगाऊ रक्कम ठगाच्या खात्यात गेली, पण बँकेच्या नोंदीत ती आयातीची रक्कम म्हणून उभी आहे. माल तर येणार नाही. मग?

परकीय_चलन_शाखा

ती आयडीपीएमएसमध्ये, म्हणजे आयातीच्या पैशांचा हिशेब ठेवणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या यंत्रणेत, उघडी राहते आणि बिल ऑफ एन्ट्री (माल आल्याचा सीमाशुल्काचा कागद) जुळत नाही म्हणून पुढे कारखान्यालाच नोटिसा येऊ लागतात. त्यामुळे पहिल्या आठवड्यातच शाखेला एफआयआर, रद्द करण्याचा संदेश आणि त्यावरचं समोरच्या बँकेचं उत्तर लावून लेखी कळवा. खऱ्या पुरवठादाराला दुसऱ्यांदा पैसे भरून माल आणलात तर ती नोंद वेगळी ठेवा, जुनीला जोडू नका. पैसे परत आले की परताव्याच्या कागदांवर जुनी नोंद बंद होते. उलट बाजूनं, परदेशी गिऱ्हाइकानं तुमचे पैसे ठगाला भरले असतील तर तुमचं शिपिंग बिल (माल पाठवल्याचा सीमाशुल्काचा कागद) ईडीपीएमएसमध्ये, निर्यातीच्या तशाच यंत्रणेत, उघडं राहतं. तिथे गिऱ्हाइकाच्या देशातल्या पोलिसांकडे झालेल्या तक्रारीची प्रत लागते, म्हणून ती त्याच्याकडून त्याच आठवड्यात मागून घ्या. नंतर गिऱ्हाईक फोन उचलत नाही.